बारा बोअरचे काडतूस : हाताळणी आणि बंदूक रिकामी करण्याची रीत

घरातील वडीलधारे माणूस जाते, दिवसकार्ये उरकतात, कपाटे आवरायला घेतली जातात आणि माळ्यावरून कापडी गवसणीत गुंडाळलेली एक दुनळी बंदूक निघते. सोबत पत्र्याच्या डब्यात सात-आठ काडतुसे असतात. कोकणात, सह्याद्रीच्या पट्ट्यात किंवा गोव्यात ज्यांची शेती-बागायत होती, अशा कितीतरी घराण्यांत पिकाच्या रक्षणासाठी परवान्याची बंदूक असे. त्याच घराण्यांची पुढची पिढी आज पुण्या-मुंबईच्या सदनिकांतून राहते आणि तिचा बंदुकीशी परिचय चित्रपटापुरता असतो. घरातील कोणीतरी ती कौतुकाने उचलते, खांद्याला लावून पाहते आणि 'इतकी वर्षे पडून आहे, रिकामीच असणार' असे म्हणत चापही ओढून पाहते. नको ते नेमके अशाच वेळी घडते. शहरी माणसाच्या नित्य दृष्टीस पडणारी दुसरी बंदूक म्हणजे बँकेच्या दारातील सुरक्षारक्षकाची. तीही बहुधा बारा बोअरचीच असते. या बंदुकीचे काडतूस म्हणजे नेमके काय, ते कसे सांभाळावे आणि भरलेली बंदूक सुरक्षितपणे रिकामी कशी करावी, याची माहिती परवानाधारकाइतकीच त्याच्या घरच्यांनाही असणे आवश्यक आहे.

काडतुसाची रचना

'बारा बोअर' हा शब्द सर्वांच्या तोंडी असला तरी त्याचा अर्थ फारसा कोणी विचारत नाही. नळीच्या पोकळीत चपखल बसेल अशा शिशाच्या गोळ्या ओतल्या आणि एक पौंडात अशा बारा गोळ्या बसल्या, तर ती बारा बोअरची नळी. वीस गोळ्या बसल्या तर वीस बोअर. म्हणजेच आकडा वाढला की नळी अरुंद होते. बारा बोअरच्या नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, तर वीस बोअरचा सुमारे १५.६ मिलिमीटर असतो. हा फरक नजरेला किरकोळ वाटतो. पण पुढे येणाऱ्या एका भीषण अपघाताचे मूळ त्यातच आहे.

काडतुसाचे बूड पितळी किंवा पितळी मुलाम्याच्या पोलादाचे असते. बुडाच्या मध्यभागी छोटी टोपी बसवलेली असते. बंदुकीतील खिळीचा आघात तिच्यावर होताच ठिणगी उडते आणि आतील धूरविरहित दारू पेटते. दारूच्या वर वॉड म्हणजे दाबून बसवलेली गादी, तिच्यावर छर्रे आणि सर्वांत पुढे चुण्या पाडून मिटलेले तोंड, अशी ही मांडणी होय. पूर्वी काडतुसाचे नळकांडे जाड कागदाचे असे, आता ते प्लॅस्टिकचे असते. पुण्यातील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होणारी 'शक्तिमान' काडतुसे देशभरातील परवानाधारकांच्या परिचयाची आहेत. १८६९ साली सुरू झालेला हा कारखाना ऑक्टोबर २०२१ पासून 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आला.

बार उडतो तेव्हा नळीच्या मागच्या भागात वातावरणाच्या सुमारे सातशे पटींपर्यंत दाब निर्माण होऊ शकतो. छर्रे ध्वनीपेक्षा अधिक वेगाने बाहेर पडतात. बारीक छर्ऱ्यांची बंदूक म्हणजे लुटुपुटुचे शस्त्र, असा समज काहींच्या मनात असतो आणि छर्रे पसरतात म्हणून इजा कमी होते, असेही सांगितले जाते. हा समज पार चुकीचा आहे. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या अंतरात छर्रे फारसे पसरतच नाहीत. ते जवळजवळ एकाच गोळ्यासारखे आघात करतात. मोकळ्या जागेतही अंतराचा अंदाज चुकतो. सहा नंबरचे बारीक छर्रे दोनशे मीटरच्या आसपास जातात, तर एल. जी. या जाड छर्ऱ्यांची धाव सहाशे-सातशे मीटरपर्यंत असते. एका गोळीचे काडतूस त्याहूनही दूर जाते.

जुळणारे आणि न जुळणारे

काडतूस बंदुकीत शिरले म्हणजे ते तिच्यासाठी योग्य आहे, असे मुळीच नाही. बारा बोअरच्या काडतुसांच्या लांबीत ६५, ७० आणि ७६ मिलिमीटर असे प्रकार असतात आणि ही लांबी बार उडून तोंड उलगडल्यानंतरची असते. त्यामुळे ७० मिलिमीटरच्या कोठीत ७६ मिलिमीटरचे न उडालेले काडतूस विनासायास बसते. मात्र बार होताच त्याचे तोंड उलगडायला जागा मिळत नाही, छर्ऱ्यांची वाट आवळली जाते आणि दाब धोकादायक मर्यादेपलीकडे जातो. कोठीची लांबी नळीच्या खालच्या सपाट पृष्ठावर बहुधा कोरलेली असते. ती वाचता येत नसेल तर अधिकृत विक्रेत्याकडून मोजून घ्यावी. अंदाजाने काडतूस भरू नये.

त्याहून भयंकर प्रकार वीस बोअरच्या काडतुसाचा. चुकून ते बारा बोअरच्या नळीत टाकले गेले तर घसरत पुढे जाते आणि कोठीच्या पुढे, नळी जेथे अरुंद होते तेथे अडकून बसते. मागून पाहणाऱ्यास कोठी रिकामी दिसते. 'काडतूस भरायचे राहिले वाटते' असे समजून तो बारा बोअरचे काडतूस भरतो आणि चाप ओढतो. पुढच्या अडथळ्यावर सारा दाब आदळून नळी फुटते, आणि ती फुटते तेथेच नेमका बंदूक धरणाऱ्याचा डावा हात असतो. याच कारणाने अनेक देशांतील उत्पादक वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात. परंतु केवळ रंगावर विसंबणेही बरे नव्हे. बुडावर कोरलेला आकडा वाचावा. दोन बोअरच्या बंदुका असलेल्या घरात दोन्हींची काडतुसे एका डब्यात वा एका खिशात कदापि एकत्र ठेवू नयेत.

वारशाने आलेल्या विलायती बंदुकांबाबत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. काही जुन्या नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी सुंदर नक्षी दिसते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून बनवलेल्या या नळ्या 'डमास्कस' नावाने ओळखल्या जातात. त्या मुख्यतः काळ्या दारूच्या काळातील. आजच्या काडतुसांचा दाब त्या सोसतीलच असे नाही, त्यातून शे-सव्वाशे वर्षांचा गंज आतून लागलेला असतो. लंडन आणि बर्मिंगहॅम येथील चाचणीगृहांच्या खुणा नळीवर असतात. धूरविरहित दारूसाठी ती नळी तपासली गेली होती की नाही, हे जाणकार कारागीर त्यांवरून सांगू शकतो. तथापि चाचणी ज्या वेळी झाली त्या वेळच्याच नळीची ती ग्वाही असते. अशी बंदूक भिंतीवरची शोभा म्हणून ठेवायची असली तरी परवान्याचा प्रश्न सुटत नाही, हेही लक्षात ठेवावे.

साठवण

कोकणातला पावसाळा हा काडतुसांचा मोठा शत्रू. कागदी नळकांडे दमट हवेत फुगते, कोठीत अडकते आणि निघता निघत नाही. पितळेवर हिरवट कळकाचा थर चढतो. चामड्याच्या पट्ट्यात काडतुसे खोचून ठेवण्याची शिकारी ऐट छायाचित्रात शोभते खरी. पण चामडे कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे पितळ लवकर गंजते, म्हणून साठवणीसाठी पट्टा हे वाईट ठिकाण होय. काडतुसे मूळ खोक्यात, कोरड्या व थंड जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. खोक्यावर बोअर, लांबी आणि छर्ऱ्यांचा क्रमांक असतो, तो हरवला की पुढचा सारा गोंधळ सुरू होतो. काडतुसांना तेल लावू नये. तेल टोपीत झिरपले तर ती निकामी होते, आणि निकामी झालेले काडतूस वरून चांगलेच दिसते. दमटलेली काडतुसे उन्हात किंवा चुलीजवळ वाळवण्याचा उपद्व्याप तर मुळीच करू नये. भर उन्हाळ्यात बंद मोटारीत ती ठेवून जाणे, किल्ल्या व नाण्यांसोबत खिशात खुळखुळत ठेवणे हेही टाळावे.

बंदूक आणि काडतुसे यांची जागा वेगळी, कुलपे वेगळी आणि दोन्हींच्या किल्ल्या मुलांच्या हाती न लागणाऱ्या, असा शिरस्ता ठेवावा. मुलांना किल्लीची जागा ठाऊक नसते, असे प्रत्येक घरातील मोठ्या माणसांना वाटते. मुलांना विचारून पाहिल्यास वेगळेच उत्तर मिळण्याचा संभव आहे!

बंदूक रिकामी करताना

आपली असो वा दुसऱ्याची, हाती येणारी प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे मानूनच तिला हात लावावा. नळीचे तोंड माणसाकडे, जनावराकडे वा स्वतःच्या पायाकडे नसावे. बोट चापावर नव्हे, तर चापाच्या कड्याबाहेर सरळ ठेवावे. 'सेफ्टी' लावलेली आहे, या समाधानावर राहू नये. पुष्कळशा दुनळी बंदुकांत ती खिट्टी केवळ चाप अडवते. आतील घोडे ताणलेलेच राहतात आणि बंदूक पडली, आपटली तर बार उडू शकतो.

सदनिकेत सुरक्षित दिशा कोणती, हा प्रश्न येथे सुज्ञ वाचकास पडेल. वर शेजारी राहतात, खालीही राहतात आणि काँक्रीटवर आदळलेले छर्रे उसळून परत येतात. पोलिस आणि सुरक्षा दलांच्या ठिकाणी बंदूक रिकामी करण्यासाठी वाळूचे पिंप ठेवलेले असते, ते याचसाठी. घरात हा प्रसंग येऊच नये अशी व्यवस्था हवी. म्हणजे शेताच्या बांधावर, गाडीत बसण्यापूर्वी, उंबरठ्याबाहेर मोकळ्या जमिनीकडे तोंड करून बंदूक रिकामी झालेली असावी. कुंपण वा ओढा ओलांडण्याआधीही तेच करावे.

दुनळी बंदूक रिकामी करणे यांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. वरची कळ बाजूला दाबली की नळ्या पुढून खाली झुकतात आणि काडतुसांची बुडे किंचित वर येतात. ती बोटांनी अलगद काढून घ्यावीत. काही बंदुकांत काडतूस आपोआप बाहेर फेकणारी योजना असते. तेथे बंदूक उघडताना मागे तळहात धरावा म्हणजे जिवंत काडतूस दगडावर जाऊन पडणार नाही. त्यानंतर दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का, ते पाहावे. एक बार झाला म्हणून बंदूक रिकामी झाली, असे नव्हे. पुढचा चाप बहुधा उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा असतो आणि न उडालेल्या नळीचा घोडा ताणलेलाच असतो. दुसऱ्याच्या हाती द्यायची झाल्यास बंदूक उघडूनच द्यावी आणि घेणाऱ्यानेही स्वतः पाहून घ्यावी. यात अविश्वास दाखवल्यासारखे वाटण्याचे कारण नाही. पुन्हा मिटताना नळ्या झटक्याने वर उचलू नयेत. नळ्या जमिनीकडे ठेवून दस्ता वर आणावा, कारण झिजलेल्या यंत्रणेची बंदूक मिटतानाही उडू शकते.

बाहेर घोडे असलेल्या जुन्या बंदुकीत क्रम महत्त्वाचा. काडतूस आत असताना ताणलेला घोडा अंगठ्याने हळूहळू उतरवण्याचा प्रयत्न करू नये. अंगठा निसटला की संपले. आधी बंदूक उघडून काडतूस काढावे आणि मग घोडा उतरवावा.

पुढची मूठ मागे-पुढे ओढून चालणारी पंप बंदूक अनभिज्ञ माणसाला हमखास फसवते. तिची काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक असतात. कोठीतील एक काढले की ती रिकामी झाली असे वाटते. परंतु मूठ पुढे जाताच दुसरे तिच्या जागी येते. सेफ्टी लावून, मुठीची अडकण सोडवून मूठ सावकाश मागे ओढावी आणि कोठीतील काडतूस काढावे. मग खालच्या नळीतील काडतुसे तिची अडसर-पट्टी दाबून एकेक करून बाहेर घ्यावीत. ही पट्टी प्रत्येक बनावटीत वेगळी असल्यामुळे निर्मात्याची पुस्तिका पाहणे अपरिहार्य आहे. शेवटी कोठी आणि खालची नळी, दोन्ही डोळ्यांनी पाहावीत आणि करंगळीने चाचपावीत. अंधारात डोळा चुकतो, बोट चुकत नाही. सुट्या मॅगझिनची बंदूक असल्यास आधी मॅगझिन काढायचे, मग कोठी. उलट केल्यास कोठी पुन्हा भरते.

बार उडाला नाही तर

चाप ओढला आणि नुसताच 'टक्' आवाज झाला, तर माणसाची पहिली प्रतिक्रिया बंदूक उघडून पाहण्याची असते. नेमके तेच करू नये. दारू कधीकधी उशिरा पेट घेते आणि बंदूक अर्धवट उघडलेली असताना बार उडाला तर पितळी बुडाचे तुकडे तोंडावर येतात. नळी सुरक्षित दिशेकडे तशीच रोखून, बंदूक न उघडता, किमान ३० सेकंद आणि शक्य तर मिनिटभर थांबावे. त्यानंतर चेहरा बाजूला ठेवून ती उघडावी. ते काडतूस पुन्हा भरू नये. वेगळे ठेवून विक्रेत्याकडे द्यावे.

याहून फसवा प्रकार म्हणजे फुसका बार. आवाज नेहमीपेक्षा दबका येतो, धक्का जाणवत नाही आणि वॉड किंवा छर्रे नळीतच अडकून राहिलेले असतात. पुढचा बार त्यावर झाला तर नळी फुटते. आवाज वेगळा वाटताच थांबावे, बंदूक रिकामी करावी आणि नळीतून आरपार पाहावे. आरपार पाहण्याची ही सवय बंदूक भरण्यापूर्वीही असावी. चिखल, कापसाचा बोळा, इतकेच काय, कुंभारीण माशीने बांधलेले मातीचे घरसुद्धा नळीत निघते. पडवीत महिनोन्‌महिने टांगलेल्या बंदुकीत तिला याहून उत्तम जागा कोणती मिळणार?

फुगलेले काडतूस कोठीत अडकून बसले तर टोपीच्या आसपास चाकू वा स्क्रू-ड्रायव्हर चालवू नये, गजाने ठोकूही नये. बंदूक उघडीच ठेवावी. शक्य असल्यास नळ्या दस्त्यापासून सोडवाव्यात, म्हणजे ती उडण्याचा संभव राहत नाही. पुढचे काम परवानाधारक कारागिराचे. जुने काडतूस कापून आतील छर्रे आणि दारू काढण्याचा उद्योग जिज्ञासेपोटीही करू नये. टोपीतील स्फोटक द्रव्य आघाताला आणि घर्षणाला अतिशय संवेदनशील असते.

ठासणीच्या बंदुकीला मात्र यातले बरेचसे लागू पडत नाही. तिची दारू आणि छर्रे नळीच्या पुढच्या तोंडातून गजाने ठासलेले असतात. मागून उघडून पाहण्याची सोयच नाही. केप काढून टाकली म्हणजे बंदूक निर्धोक झाली, असे मानण्याची पद्धत आहे. परंतु ठासलेला बार आत तसाच राहतो, एक पावसाळा जातो, भरणाराही विसरतो आणि कोणीतरी खेळता खेळता केप बसवतो. ती भरलेली आहे का, हे ओळखण्यासाठी जुनी माणसे गजाचा उपयोग करतात. रिकाम्या नळीत गज जिथपर्यंत जातो तेथे खूण केलेली असते. खूण बाहेर राहिली तर आत काहीतरी आहे. गज आत सोडताना चेहरा आणि तळहात नळीच्या तोंडासमोर धरू नये. भरलेली आढळल्यास गज मुकाट्याने काढून घ्यावा आणि बंदूक रिकामी करण्याचे काम जाणकाराकडे सोपवावे.

कायदा आणि विल्हेवाट

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना व्यक्तीचा असतो, घराण्याचा नव्हे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र आणि काडतुसे विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. कलम २१ मध्ये ही तरतूद आहे. वारसाला बंदूक ठेवायची असल्यास त्याने स्वतःच्या नावे परवाना मिळवावा. वारसांना बंदुकीची काहीच माहिती नसेल, तर आम्ही सुचवू ते असे : ती जागेवरून हलवू नये, खोलीला कुलूप लावावे आणि पोलिस ठाण्याला कळवून जाणकार माणूस बोलवावा. 'आधी रिकामी करतो, मग कळवतो' हा क्रम नको. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांना सुरक्षा प्रशिक्षण आवश्यक केले. त्यात साठवण, वाहतूक आणि घरातील मुलांची सुरक्षितता या गोष्टीही येतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवण्याची मर्यादा घातली, तसेच निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात आणणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली.

जुनी, गंजलेली वा नकोशी काडतुसे कचऱ्यात, विहिरीत, भंगारात वा आगीत टाकू नयेत. बंदुकीबाहेर पेटलेल्या काडतुसातील छर्ऱ्यांना फारसा वेग नसतो, तरी नळकांडे फुटून पितळेचे तुकडे आणि टोपी जोराने उडतात आणि डोळा जाण्याइतकी इजा करू शकतात. घराला आग लागल्यास काडतुसे कोणत्या खोलीत आहेत, हे अग्निशमन दलाला सांगावे. विल्हेवाटीसाठी ती विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे देऊन पावती घ्यावी. काडतुसे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण शिसे आणि टोपीतील द्रव्यांचे अंश हाताला लागतात.

शहरी माणसाला अगदी अनपेक्षितपणे गाठणारे संकट विमानतळावरचे. वडिलांची वा मित्राची पिशवी प्रवासाला घेतली जाते, तिच्या अस्तरात एखादे काडतूस राहिलेले असते आणि क्ष-किरण यंत्रावर ते स्पष्ट दिसते. विनापरवाना जिवंत काडतूस बाळगणे हा गुन्हा असल्याने विमान चुकते आणि प्रकरण पोलिसांकडे जाते. जाणीवपूर्वक ताबा असल्याखेरीज तो कायद्याच्या अर्थाने ताबा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात स्पष्ट केले आहे. त्या आधारे पुढे सुटका होऊ शकते, पण तोवर न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. शेतावर किंवा नेमबाजीच्या सरावाला नेलेली पिशवी प्रवासासाठी घेण्यापूर्वी उलटी करून झटकावी, तिचे प्रत्येक अस्तर आणि चोरकप्पा हाताने चाचपून पाहावा; जाकिटाचे खिसेही त्यातच आले.